ज्या पुस्तकावर तू लिहिलं नाहीस

एस्तेर, काल दुपारी तुझ्या पाळकसाहेबांचा फोन आला. आवाज नेहमीचाच, चर्चमध्ये उपासनेला बोलतात तसा सावकाश. म्हणाले, "मंगलताई, मंडळीच्या मासिकाचा पुढचा अंक एस्तेरबाईंच्या आठवणींचा काढतोय. तुम्ही चार ओळी द्या. त्यांचं 'पारख' सदर तुम्हीच तर टाइप करायचात." मी हो म्हटलं. नाही म्हणायलाही अंगात जोर लागतो आणि तो सध्या माझ्याकडे नाही. मग कॉम्प्युटरपुढे जाऊन बसले, आणि लक्षात आलं की मला चार ओळी लिहिताच येत नाहीत. इतकी वर्षं तू सांगायचीस आणि मी बडवायचे.

तेव्हा हे त्यांच्यासाठी नाही. त्यांना मी 'एस्तेरबाई मनमिळाऊ होत्या' वगैरे काहीतरी पाठवून देईन. मनमिळाऊ तू अजिबात नव्हतीस. वाद घालायला तुला समोसासुद्धा पुरायचा, त्यात वाटाणा जास्त की बटाटा यावरून. हे तुला लिहितेय, कारण आपलं एक भांडण अर्धवट राहिलंय आणि तू मध्येच उठून गेलीस. मला राग आलाय. पण रागवायलाही माणूस ताजंतवानं लागतं गं, आणि मी फार दमलेय. सकाळी उठते तीच दमलेली उठते. सूनबाई म्हणते, "आई, बी-ट्वेल्व्ह तपासून घ्या." घेईन.

चारकोपच्या ह्या गल्लीत आपण दोघी साधारण एकदमच राहायला आलो. मध्ये एक घर सोडून तुझं घर. तू म्युनिसिपालिटीच्या शाळेत मास्तरीण, मी इंडस्ट्रियल इस्टेटमधल्या एका कारखान्याच्या ऑफिसात टायपिस्ट. तुझं माहेर नगरकडचं, माझं मालवणकडचं. तू कालवणात गूळ घातलेला पाहून तोंड वाकडं करायचीस आणि मी तुझ्या शेंगदाण्याच्या कुटाला नावं ठेवायचे. दोघींना जोडणारी एकच गोष्ट होती. दोघींनाही मारधाडीचे सिनेमे आणि खुनाच्या कादंबऱ्या फार आवडायच्या, आणि दोघींच्याही घरी त्याचं कुणाला कौतुक नव्हतं.

'पारख' सुरू झालं तेही गमतीनेच. मासिकाच्या संपादकांनी तुला सांगितलं होतं, तरुणांनी सिनेमांपासून लांब का राहावं यावर एक लेख द्या. तू लिहिलंस की तरुण काही लांब राहत नाहीत, तेव्हा आपणच त्यांच्याबरोबर जाऊन बसू आणि काय बघितलं ते नीट बोलू. संपादकांना वाटलं, एकदाच छापून मोकळं होऊ. मग महिन्यामागून महिने ते सदर चालूच राहिलं. तुझं अक्षर मास्तरणीचं असूनही कुणाला लागत नसे, म्हणून टायपिंग माझ्याकडे आलं. तू माझ्या ओट्याशी उभी राहून सांगायचीस, मी टाइप करता करता आडवे प्रश्न विचारायचे, आणि लेखापेक्षा भांडणच मोठं व्हायचं.

पहिल्यांदा मल्टिप्लेक्समध्ये गेलो होतो ते आठवतं? मालाडला, सोमवारी दुपारी, थिएटर रिकामं. दक्षिणेकडचा डब केलेला सिनेमा होता. हिरो एका गोदामात शिरतो आणि आतले सगळे गुंड एकटा लोळवतो. मी शिट्टी मारली. तूही टाळ्या पिटल्यास. सिनेमा संपला, नावांच्या पाट्या सुरू झाल्या, लोक उठले, आणि तू आपली डोळे मिटून बसलेली. मला वाटलं झोप लागली.

"अगं ऊठ, झाडूवाले आत आलेत."

"थांब जरा."

"काय करतेयस?"

"प्रार्थना. ते गोदामातले मेले ना, त्यांच्या घरच्यांसाठी."

मी एवढ्या मोठ्याने हसले की झाडूवाला वळून बघायला लागला. "वेडी झालीस काय गं? एक्स्ट्रा आहेत ते! शूटिंग संपवून वडापाव खाऊन घरी गेले असतील."

"माहितेय मला. पण ते पडत होते तेव्हा आपण टाळ्या वाजवल्या ना?"

"वाजवल्या. सीन झकास होता."

"होताच. म्हणून थांबलेय. मेलेल्यांसाठी आम्ही प्रार्थना करत नाही, आमच्यात ती रीत नाही. पण मागे राहिलेल्यांसाठी करता येते."

तेव्हापासून तो नेमच झाला. पाट्या चालू झाल्या की तू डोळे मिटायचीस आणि मी तुझी पर्स धरून बसायचे. नंतर एकदा, कधी ते आता नक्की आठवत नाही, तू सांगितलंस की तुझ्या पहिल्या शाळेतला एक विद्यार्थी मोठेपणी कुणाच्या तरी टोळीत गेला आणि मारामारीत मेला. त्याच्या आईला भेटायला तू गेलीस तर तिने तुला त्याचं चौथीचं प्रगतिपुस्तक दाखवलं. एवढंच सांगून तू विषय बदललास. मग मी पुन्हा कधी हसले नाही.

सिनेमाला तू तारे देत नव्हतीस. तुझा एकच प्रश्न असायचा. ह्यात कोण मेलं आणि त्याच्यासाठी कोण रडलं? ज्यात मेलेल्या माणसासाठी कुणीच रडत नाही तो सिनेमा तुझ्या हिशेबात नापास, मग त्यात देवळं, चर्चं, मशिदी काहीही दाखवलेलं असो. आणि एखाद्या फालतू मसालापटात खलनायकाची म्हातारी आई नुसती दाराशी येऊन बसली, तरी तू लेखात अर्धं पान तिलाच द्यायचीस. कादंबऱ्यांचंही तेच. खुनी सापडला की माझं पुस्तक संपायचं. तू म्हणायचीस, "आमच्याकडे खुनी सापडल्यावर खरी गोष्ट सुरू होते. आता ह्याचं करायचं काय, हा प्रश्न तर लेखकाने विचारलाच नाही." मी म्हणायचे, फाशी द्यायची, विषय संपला. तू म्हणायचीस, तुला जज्ज कुणी केलं?

गंमत म्हणजे तुझी खरी चिडचिड व्हायची ती ख्रिस्ती सिनेमांवर आणि ख्रिस्ती पुस्तकांवर. मंडळीतले लोक मोठ्या प्रेमाने आणून द्यायचे. दारुडा नवरा एक गीत ऐकतो आणि सुधारतो. नास्तिक डॉक्टर एका पेशंटकडे बघतो आणि रडायला लागतो. "पहिल्या पंधरा मिनिटांत सगळे शहाणे झाले, आता पुढे काय बघू?" असं तू लिहिलंस, मी जसंच्या तसं टाइप केलं, आणि रविवारी उपासनेनंतर मंडळीतल्या एका वडीलधाऱ्यांनी तुला गाठलं. "एस्तेरबाई, भक्तीच्या पुस्तकाला नावं ठेवता आणि मारामारीच्या सिनेमाचं कौतुक करता, हे कसं?" तू त्यांना म्हणालीस, "काका, देवाचं नाव घेतलं की रटाळ लिहायची सूट मिळते असं कुठे लिहिलंय ते दाखवा, मी माफी मागते." घरी येऊन मला सांगताना तुला इतकं हसू येत होतं की चहा नाकात गेला.

आणि ते 'श्री'चं प्रकरण! माझी आपली सवय. कोरा कागद असो की नवी फाइल, आधी वर मधोमध 'श्री' घालायचं, मग पुढचं. वडिलांनी लावलेली सवय, त्यात काही विचार नसतो. तुझे लेख पाठवताना मी आठवणीने ते खोडायचे. एकदा राहिलं. मासिक छापून आलं आणि 'पारख'च्या डोक्यावर दोन दंडांच्या मधे ठसठशीत 'श्री'. पाळकसाहेबांचा फोन आला तेव्हा मी तुझ्याच घरी होते आणि मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं होतं. तू फोनवर अगदी गंभीर आवाजात म्हणालीस, "हो साहेब, चूक माझीच. मी वाचून बघायला हवं होतं." फोन ठेवलास आणि पदर तोंडात कोंबून हसत सुटलीस. "मंगल, माझा लेख वाचायच्या आधी लोकांनी पहिल्यांदाच हात जोडले असतील," म्हणालीस. तुझे यजमान अरुणभाऊ आतून विचारत होते काय झालं म्हणून, आणि तुला बोलताच येत नव्हतं.

हे सगळं लिहिताना बरं वाटतं. पण मी मुद्द्यापासून पळतेय. तू असतीस तर एव्हाना टोकलं असतंस.

आमचे हे गेले तेव्हा आमच्या घरी चूल पेटत नव्हती, आणि डबे तुझ्याकडून यायचे. पिठलं, भाकरी, दुधी, अळणी वरण. तू काही बोलायची नाहीस. डबा ठेवायचीस, माझ्याजवळ बसायचीस, आदल्या दिवशीचा रिकामा डबा घेऊन जायचीस. ह्यांचा तुझ्यावर जीव होता. शाळेच्या परीक्षांच्या दिवसांत अरुणभाऊंची पाळी वेगळी असली की हेच तुला स्कूटरवरून सोडायला जायचे. डिसेंबर आला की तुमच्या गॅलरीत चढून तो कागदी तारा लावायचं कामही ह्यांचंच. अरुणभाऊंना उंचीची भीती वाटते हे साऱ्या गल्लीला ठाऊक होतं. तू ह्यांना दत्ताभाऊ म्हणायचीस. माझ्या सख्ख्या नणंदाही त्यांना इतक्या मायेने हाक मारत नसत.

त्यानंतर वर्ष-दीड वर्षाने ते पुस्तक आलं. मंडळीतल्या कुणीतरी दिलेली जाडजूड कादंबरी, मराठीत भाषांतर झालेली. तू अर्धी वाचून माझ्याकडे दिलीस. "हे ख्रिस्ती पुस्तक आहे पण पळतं थ्रिलरसारखं. वाच तू, मग दोघी मिळून लिहू." मी ते थ्रिलर म्हणूनच वाचलं. मला काय माहीत त्यात आणखी काय आहे! एका सकाळी शहरातले विश्वास ठेवणारे लोक एकदम नाहीसे होतात, देव त्यांना उचलून नेतो. बाकीचे राहतात, आणि मग त्यांच्यावर एकेक संकट. वाट लागते सगळ्यांची. मी जेवण सोडून वाचत होते. आणि मग ती शेजारीण आली.

गोष्टीत एक नर्स आहे. तिच्या शेजारी एक बाई राहते, तिची छोटीशी खानावळ. नर्सला कामावरून यायला उशीर झाला की ही बाई तिच्या मुलांना जेवायला घालते, नर्ससाठी सूप ठेवते. त्या सकाळी ती सूपचं भांडं घेऊन येते, दार वाजवते, आत कुणीच नाही. सगळे गेले. ती भांडं घेऊन दाराशी उभी राहते, आणि लेखक पुढच्या प्रकरणात निघून जातो. मी पुस्तक शेवटपर्यंत चाळलं. त्या बाईचं पुढे काय झालं ते त्याने कुठेच सांगितलेलं नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी तू आलीस. मी कोळंबी सोलत होते.

"वाचलंस?"

"वाचलं. पळवतं एकदम."

"मग ह्या महिन्यात हेच घेऊ. काय लिहायचं सांग."

"ती सूपवाली मागे का राहिली?"

तू माझ्यासमोरची एक कोळंबी सोलायला घेतलीस.

"सांग ना. काय वाईट केलं होतं तिने?"

"पुस्तक आहे गं ते."

"मग मी पुस्तकाबद्दलच विचारतेय. तू मानतेस ना तसं? तुमच्यातले ते वर, बाकीचे मागे?"

"मंगल, ते इतकं सोपं नाहीये."

"सोपं करून सांग. मास्तरीण आहेस ना!"

तू ओट्यावरचं फडकं उचललंस आणि ओटा पुसायला लागलीस. पुसलेलाच होता. मी खरं तर तिथे थांबायला हवं होतं, पण तोंडातून शब्द निघून गेले आणि ते गावच्या बोलीत निघाले, जी मी तुझ्याशी कधी बोलत नसे. "माझा ऱ्हवांदे गो. मी ऱ्हवलंय मागे तर ऱ्हवलंय. पण आमचे हे? हे खंय गेले मगे? ता सांग माका."

तुझा हात थांबला. तू माझ्याकडे बघितलंस आणि फडक्याची घडी करून ते जागेवर ठेवलंस. मग म्हणालीस, "जाते मी. अरुण यायची वेळ झाली." अरुणभाऊ त्या दिवशी घरीच होते, मला माहीत होतं.

त्या महिन्याचं 'पारख' लहान मुलांच्या एका कार्टून सिनेमावर होतं. त्या कादंबरीवर तू एक ओळही लिहिली नाहीस. बरी नाही, वाईट नाही. पुस्तक तुझ्या कपाटात कुठेतरी गेलं. आपण पुढच्या सोमवारी सिनेमाला गेलो, समोशावरून भांडलो, पाट्यांच्या वेळी मी तुझी पर्स धरली. वरून सगळं पूर्वीसारखंच. पण मी तुझ्या शेजारी बसून विचार करायचे की ही डोळे मिटून अनोळखी गुंडांच्या बायकापोरांसाठी देवाशी बोलते, आणि माझ्या माणसाबद्दल हिच्याकडे एक शब्द नाही. ते मला लागलं होतं एस्तेर. फार लागलं होतं. तुला सांगितलं नाही कारण तू मग काहीतरी सांगितलं असतंस, आणि ते खोटं असतं तर मला लगेच कळलं असतं.

गेल्या वर्षी तुझं दुखणं निघालं. कॅन्सर म्हटल्यावर सगळे जसे बोलायला लागतात तसं आपण बोलायला लागलो, म्हणजे दुसऱ्याच कशाबद्दल. हॉस्पिटलची ती लिफ्ट कायम बंद, मी जिना चढून वर यायचे आणि तुझ्या पलंगाशी बसून दम खायचे. तू म्हणायचीस, "पेशंट कोण आहे ते ठरवू या का आधी?" मी तुला मोबाइलवर नव्या सिनेमांचे ट्रेलर दाखवायचे. तू दोन बघून तिसऱ्याला डोळे मिटायचीस. केसांना रुमाल, हात हलके झालेले, आणि तरी नर्सच्या मराठीच्या चुका काढणं चालूच.

एकदा मी धीर केला. "एस्तेर, ते पुस्तक…" एवढंच म्हटलं.

तुला बरोबर कळलं कोणतं. "आता नको गं," म्हणालीस. "बरी झाले की भांडू."

मी बरं म्हटलं. बरी होणार नाहीस हे मला माहीत होतं, तुलाही माहीत होतं. पण आजारी माणसाला कोपऱ्यात घेऊन उत्तर मागायचं नसतं. घरी येताना रिक्षात बसल्यावर वाटलं की आता हे असंच राहणार. नंतर आणखी किती फेऱ्या झाल्या. आणणं, नेणं, रिपोर्ट, रक्त, केबिनबाहेरचे ते बाक. शेवटी शेवटी तर मी तुझ्याकडे यायचे आणि मनात यायचं, सुटू दे आता हिला. आणि मलाही. हे मी कुणाला सांगितलेलं नाही, तुला सांगते.

तुझ्या दफनाच्या वेळी मी मागे उभी होते. गीत चालू होतं, चाल ओळखीची, शब्द नीट येत नव्हते. अरुणभाऊंनी मान वळवून मला शोधलं आणि हाताने पुढे बोलावलं. मी माती दिली. आमच्याकडे बायका त्या ठिकाणी जात नाहीत, ह्यांना पोचवायलाही मी गेले नव्हते. तुला मात्र मी स्वतःच्या हाताने माती दिली. मग पाळकसाहेब पुन्हा भेटण्याच्या आशेबद्दल बोलले. बोलले छान. सगळ्यांचे चेहरे जरा मोकळे झाले. मी चपलांना लागलेला चिखल बघत होते. माझ्यासाठी त्यात काही आहे का, हे मला कुणाला विचारायचं नव्हतं. ज्या एका बाईला विचारलं होतं ती पेटीत होती.

आज सकाळी अरुणभाऊंना डबा द्यायला गेले. आता तुमच्याकडे डबा माझ्याकडून जातो. कालचा डबा टेबलावर तसाच होता, उघडलेला पण न खाल्लेला. मी रागावले. ते म्हणाले, "तसं नाही मंगलताई. जेवायला बसतो आणि प्रार्थनेपाशी अडतो. जेवणाआधीची प्रार्थना एस्तेर करायची. सगळ्यांची नावं घ्यायची. मला क्रम आठवत नाही."

"क्रम कशाला हवा? घ्या आठवतील तशी."

"हो. मुलं येतात आधी. मग पाळकसाहेब, मग आजारी असतील ते. मग मंगल आणि दत्ताभाऊ. मग…"

मला वाटलं त्यांची चूक होतेय. म्हातारा माणूस, बायको गेलेली, होतो गोंधळ. मी म्हटलं, "भाऊ, ह्यांना जाऊन कितीतरी वर्षं झाली."

"माहीत आहे मला. ती रोज घ्यायची."

"ह्यांचं नाव? हे गेल्यावरसुद्धा?"

अरुणभाऊ खुर्चीत बसले. म्हणाले, "तुमचं त्या पुस्तकावरून काहीतरी झालं होतं ना, त्या दिवसापासून. आधी नुसतं तुमचं नाव असायचं. तुम्ही प्रभूकडे यावं असं मागायची. त्या दिवसापासून ते मागणं बंद झालं. नुसती दोन नावं घ्यायची, मंगल आणि दत्ताभाऊ. पुढे काही नाही."

"पण तुमच्यात मेलेल्या माणसासाठी…"

"नाही करत. मी तिला तेच म्हटलं. म्हटलं, एस्तेर, रविवारी चर्चमध्ये मुलांना काय शिकवतेस आणि घरी काय करतेस? तर म्हणाली, 'नवरा-बायको आहेत ते. एकाचं नाव घेऊन दुसऱ्याचं कसं गाळू?' मी पुन्हा बोललो तर ताटावरून उठून गेली. मग मी बोलायचं सोडलं."

मी विचारलं की हे मला का नाही सांगितलं तिने. ते म्हणाले, "लाज वाटायची तिला. म्हणायची, मंगलला काय सांगू? तिने उत्तर विचारलंय आणि मला ते आलेलं नाही."

अगं बये, उत्तर कोण मागत होतं तुझ्याकडे! मी मागितलं होतं, ठीक आहे, पण शब्दात मागितलं म्हणून शब्दातच द्यायचं होतं का? एवढं सांगितलं असतंस की उत्तर येत नाही पण दत्ताभाऊंचं नाव घेते रोज, तर मी ओट्याशीच तुझ्या गळ्यात पडून रडले असते. मग एवढी वर्षं शेजारच्या खुर्चीत बसून मनातल्या मनात कुढले नसते. तू ज्यावर आयुष्य उभं केलंस ते रोज जेवणाआधी थोडं बाजूला सारत होतीस, माझ्या नवऱ्यासाठी, आणि पुन्हा रविवारी चर्चमध्ये मुलांसमोर उभी राहत होतीस. तुला ते किती जड गेलं असेल ते मला आज कळतंय. आणि मला वाटत होतं की तू विसरलीस.

मी तिथे अरुणभाऊंसमोर रडले. त्यांनी मला पाणी दिलं. मग मी त्यांना म्हटलं, घ्या नावं, मी बसते. त्यांनी घेतली, मध्ये एकदा चुकले. आमच्या दोघांच्या नावांच्या पुढे त्यांनी तुझं नाव घेतलं, आणि मग त्यांचं त्यांनाच कळलं, आणि ते थांबले. मी म्हटलं, असू दे. मग ते जेवले. मी ताट घासूनच घरी आले.

संध्याकाळी स्नेहा, म्हणजे माझी सूनबाई, देव्हाऱ्यात दिवा लावायला निघाली. मी म्हटलं, "नको लावूस. आपल्याला सुतक आहे."

ती घाबरली. "कोण गेलं? गावाहून फोन आला का?"

"एस्तेर."

ती माझ्याकडे बघतच राहिली. वाईट नाही गं पोर, तुझ्यासाठी रडलीय ती. हळूच म्हणाली, "आई, काकूंना जाऊन आठवडा होत आला. आणि त्या… म्हणजे सुतक आपल्याला कसं लागेल?"

"गावाला कुणी गेलं आणि निरोप उशिरा आला तर सुतक कधीपासून धरतात?"

"कळल्यापासून."

"मग? मला आज कळलं."

तिने काडेपेटी परत फळीवर ठेवली. आज देव्हाऱ्यात दिवा नाही, एस्तेर. आमच्या घरचं माणूस गेलंय.